बॅकअपची आठवण: कधी, कुणाला आणि कोणत्या कामाची

३१ मार्चला जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ असतो. २०११ पासून हा दिवस ठरलेला आहे. एप्रिल फूल व्हायच्या आदल्या दिवशी आपल्या फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवा, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ३१ मार्चला बेळगावच्या खडे बाजारात किंवा निपाणीच्या एखाद्या तंबाखू वखारीत जाऊन बघा. आर्थिक वर्ष संपत असतं, टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसलेल्या माणसाला पाणी प्यायला उसंत नसते, सीएच्या ऑफिसातून फोनवर फोन येत असतात. अशा वेळी कुणी ‘बॅकअप घेतला का?’ विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘करूया की, घाई कशाला.’

वर्षातले बाकीचे दिवसही फार वेगळे नसतात. बॅकअप घ्यायला हवा हे आता सगळ्यांना पटलेलं आहे, पुन्हा पटवून द्यायची गरज नाही. आठवण येते तेव्हा हात मोकळे नसतात, आणि हात मोकळे असतात तेव्हा आठवण येत नाही, अडचण तिथे आहे. ती सोडवता येते, त्यासाठी पैसेही लागत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये त्याची सोय आधीपासून आहे. ती नीट लावली मात्र पाहिजे.

त्याआधी एक गैरसमज दूर करू, कारण तो मनात असेल तर पुढचं सगळं वाया जाईल. ‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, काळजी नाही’ असं मी दर दुसऱ्या दुकानात ऐकतो. बहुतेक कॉम्प्युटरांत सी आणि डी या दोन वेगळ्या वस्तू नसतात. आत एकच डिस्क असते आणि विंडोजने तिचे दोन भाग पाडलेले असतात. विंडोज बिघडलं, सी पुसून नव्याने टाकावं लागलं, तर डी वाचते हे खरं. पण डिस्कच गेली, वीज कडाडून मशीन जळालं किंवा कुणी लॅपटॉप उचलून नेला, तर दोन्ही एकदमच जातात. तुमच्याकडे आत खरोखर दोन डिस्क असतील, तरी त्या एकाच डब्यात आणि एकाच वायरीवर आहेत.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं ‘सिंक’ हासुद्धा पुरा बॅकअप नव्हे. सिंक म्हणजे इकडे जे कराल तेच तिकडे होणार. इथून फाइल डिलीट केली की तिथूनही जाते. ती कचराकुंडीत ३० दिवस असते, त्यानंतर मिळत नाही. दोन महिन्यांनी लक्षात आलं तर काही करता येत नाही. शिवाय फुकटची जागा गूगलकडे १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह, आणि वनड्राइव्हवर ५ जीबी. चालू कामाच्या थोड्या फाइलींना ती पुरते आणि तेवढ्यासाठी जरूर वापरावी. पण बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क हवीच, शक्यतो दोन. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. ती झेरॉक्सच्या दुकानात जाते, मित्राच्या कॉम्प्युटरला लागते, तिथून व्हायरस घेऊन येते आणि एक दिवस खिशातून पडते.

आठवण नेमकी कशाची?

बॅकअपच्या कामाचे दोन भाग पडतात. फाइली इथून तिथे नेणं हे यंत्राचं काम. ते यंत्रावरच सोपवावं, माणसाने त्यात पडू नये. हाताने कॉपी-पेस्ट करणारा एखादं फोल्डर विसरतो, नाहीतर ‘रिप्लेस करू का?’ या प्रश्नाला घाईत ‘यस’ दाबून जुनी फाइल नव्या फाइलीवर चढवतो. माणसाकडे तीनच कामं उरतात: ड्राइव्ह जोडणं, काम झाल्यावर ती काढून दुसरीकडे ठेवणं, आणि अधूनमधून तिच्यातली एखादी फाइल उघडून बघणं. ऑटोमॅटिक आठवण लावायची ती या तीन कामांसाठी.

पहिला भाग विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ करते. बाहेरची ड्राइव्ह जोडा, कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टीम अँड सिक्युरिटी’मध्ये जा, ‘फाइल हिस्टरी’ उघडा आणि ‘टर्न ऑन’ दाबा. त्यानंतर ड्राइव्ह जोडलेली असेल तेव्हा दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत आपोआप निघते. जुन्या प्रतीही राहतात, त्यामुळे ‘परवाची पत्रिका परत काढून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परवाचीच देता येते. यात एक मेख आहे. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरं घेते. डी ड्राइव्हवरचं तुमचं ‘काम’ नावाचं फोल्डर ती आपण होऊन घेत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करावं लागतं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेला आहे. एवढं केलं नाही, तर फाइल हिस्टरी चालू असल्याचं दिसत राहतं आणि खरा माल मात्र बाहेरच राहतो.

बरेच दिवस ड्राइव्ह जोडली नाही तर विंडोज ‘ड्राइव्ह पुन्हा जोडा’ अशी सूचना कोपऱ्यात दाखवतं. ती इंग्रजीत असते, काही क्षण दिसते आणि बाकीच्या सूचनांच्या गर्दीत हरवते. म्हणून आपली आठवण आपणच लावलेली बरी, आपल्या भाषेत आणि आपल्या वेळेला.

स्क्रीनवर मराठीत आठवण

विंडोजमध्ये ‘टास्क शेड्युलर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. ठरवलेल्या वेळी ठरवलेली गोष्ट उघडणं एवढंच त्याचं काम. पूर्वी त्यात थेट ‘मेसेज दाखवा’ असा पर्याय होता, पण विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने तो मोडीत काढला आहे. इंटरनेटवरच्या जुन्या व्हिडिओंत तोच दाखवतात, म्हणून लोक अडतात. त्याला सोपी वाट आहे. नोटपॅड उघडा, आठवणीचा मजकूर मराठीत लिहा आणि डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करा. विंडोज जुनं असेल तर सेव्ह करताना खाली एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

आता स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडा. उजवीकडे ‘क्रिएट बेसिक टास्क’ आहे. नाव द्या, ‘वीकली’ निवडा, वार आणि वेळ भरा. ‘स्टार्ट अ प्रोग्रॅम’वर आल्यावर ‘ब्राउझ’ दाबा, खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ करा आणि मघाशी सेव्ह केलेली मजकुराची फाइल निवडा. प्रोग्रॅमच निवडावा लागतो असं नाही, फाइल दिली तरी चालते. ठरल्या वेळी ती स्क्रीनवर उघडेल. वाचायचा कंटाळा असणाऱ्यासाठी मजकुराऐवजी आवाजाची फाइल देता येते. फोनवर स्वतःच्या आवाजात ‘ड्राइव्ह जोड, टॅली बंद कर’ असं रेकॉर्ड करून तीच फाइल इथे लावा. ज्या घरात आजोबा कॉम्प्युटर वापरतात, तिथे नातवाच्या आवाजातली आठवण फार चांगली चालते.

‘फिनिश’ दाबण्याआधी ‘ओपन द प्रॉपर्टीज डायलॉग’ची खूण करा, कारण आपल्या बेळगाव भागासाठी महत्त्वाची सेटिंग्ज पुढच्या खिडकीत आहेत. ‘सेटिंग्ज’ या पानावर ‘रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड’ असा पर्याय आहे. त्यावर टिक करा. शनिवारी संध्याकाळी सातची आठवण लावली आणि नेमकी साडेसहाला वीज गेली, तर ही टिक नसताना ती आठवण पुढच्या शनिवारपर्यंत गप्प बसते. खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज कशी असते हे तिथल्यांना सांगायला नको. टिक असली की वीज आल्यावर, कॉम्प्युटर सुरू झाल्यावर थोड्या वेळाने आठवण येते. ‘कंडिशन्स’ या पानावर उलट एक टिक काढायची आहे: कॉम्प्युटर विजेवर चालू असेल तरच टास्क सुरू करा, अशी. ती आधीपासून असते आणि त्यामुळे बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपवर आठवण येतच नाही.

अ‍ॅपलचं मशीन असेल तर एवढा खटाटोप नाही. टाइम मशीन दर तासाला प्रत घेतं आणि दहा दिवस बॅकअप झाला नाही तर स्वतः सांगतं. उबुंटू वापरणाऱ्यांसाठी ‘देजा-दुप’ आहे, त्यात आठवड्याचं वेळापत्रक लावता येतं.

आठवणीत लिहायचं काय

‘बॅकअप घ्या’ एवढंच लिहिलेली आठवण निरुपयोगी असते. पोराला ‘बाजारातून सामान आण’ म्हणून पाठवण्यासारखंच ते, तो मोकळ्या हाताने परत येतो. कोणती ड्राइव्ह, कुठे ठेवलेली, आधी काय बंद करायचं, झालं हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यात हवं. एका दुकानात लावलेला मजकूर असा आहे (त्यातलं कोरल म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर):

‘गल्ल्याच्या खणातली काळी ड्राइव्ह, टेपवर १ लिहिलेली. डाव्या बाजूला जोड. टॅली आणि कोरल बंद कर. फाइल हिस्टरीत ‘रन नाऊ’ दाब. आजची तारीख आली का बघ. ड्राइव्ह इजेक्ट करून काढ, खणात ठेव. मग ही खिडकी बंद कर.’

शेवटच्या वाक्याने फरक पडतो. खिडकी आधी बंद केली की आठवण संपली, म्हणून काम होईपर्यंत ती उघडीच ठेवायची.

वेळेबद्दल त्याच दुकानातलं सांगतो. शहापुरात एक अक्का लग्नपत्रिका आणि हँडबिलं करतात. त्यांच्याकडे आठवण आधी सकाळी दहाला लागलेली होती. दहाला शटर वर जातं, समोर गिऱ्हाईक मजकुराचा कागद घेऊन उभं असतं, मुहूर्ताची वेळ चुकली म्हणून दुसरं कुणी भांडत असतं. आठवण उघडायची आणि त्याच क्षणी बंद व्हायची. काही आठवड्यांनी तर ती खिडकी दिसली हेही त्यांना कळेनासं झालं, हात आपोआप कोपऱ्यातल्या फुलीकडे जायचा. मग ती संध्याकाळी, गल्ला मोजायच्या वेळेवर नेली आणि ड्राइव्हही गल्ल्याच्याच खणात ठेवली. पैसे मोजायला खण उघडला की ड्राइव्ह समोर येते, त्याच सुमाराला स्क्रीनवर खिडकी उघडते. पैसे मोजून होईपर्यंत प्रत काढून होते. तेव्हापासून त्यांचा बॅकअप चुकलेला नाही. जे काम आपण न चुकता करतोच, त्याच्या शेजारी आठवण लावायची. घरच्या कॉम्प्युटरसाठी ती वेळ रविवारी दुपारी जेवणानंतरची असू शकते, उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये शिफ्ट बदलण्याआधीची.

किती दिवसांनी? याला सरसकट उत्तर नाही. मशीन आत्ता बंद पडलं तर किती दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, हे स्वतःला विचारा. टॅलीत रोज पन्नास बिलं चढत असतील तर एक दिवससुद्धा जास्त होतो. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी पावतीपुस्तकं, पत्रिका, बॅनर यांची गर्दी असते, तेव्हा रोज. एरवी आठवड्यातून एकदा. घरचे फोटो महिन्याने चालतील. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर इथे निवड तुमच्या हातात नाही. ऑगस्ट २०२२ मधल्या नियमबदलानुसार हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. ते तुमच्या सीएशी बोलून घ्या. जीएसटीची नोंदणी असणाऱ्या सगळ्यांना वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचे असतात. तेवढ्या काळात एखादी डिस्क सहज दगा देऊ शकते.

टॅलीबद्दल एवढंच की प्रोग्रॅम उघडा असताना त्याचं आकड्यांच्या नावाचं डेटा फोल्डर कॉपी करू नका, प्रत अर्धवट येऊ शकते. टॅलीप्राइममध्ये ‘ऑल्ट’ आणि ‘वाय’ दाबलं की डेटाच्या यादीत ‘बॅकअप’ मिळतो, तो वापरा आणि जागा बाहेरच्या ड्राइव्हवरची द्या.

फाइली आल्या, अक्षरं आली नाहीत

आपल्या भागातल्या डीटीपीवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे आणि ते इंग्रजी मार्गदर्शनात कुठेच सापडत नाही. इथे एकाच मशीनवर टायपिंगसाठी मराठीचं श्री-लिपी आणि कन्नडचं नुडी ही सॉफ्टवेअरं असतात, आणि दहा-पंधरा वर्षांची कामं जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये साठलेली असतात. अशा फाइलीत ‘क’ हा ‘क’ म्हणून नोंदलेलाच नसतो. तिथे भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’ची आकृती देतो. फॉन्ट गेला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही. म्हणून बॅकअपमध्ये फॉन्टचं फोल्डर, टायपिंग सॉफ्टवेअरचा सेटअप आणि त्याच्या लायसन्सची माहितीही ठेवा. पक्क्या झालेल्या प्रत्येक कामाची एक पीडीएफ काढा, कोरलमध्ये असेल तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून, आणखी एक प्रत. मूळ फाइलही ठेवायचीच, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर दुरुस्ती होत नाही.

घरांमध्येही असा ठेवा आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या काळचे मराठीतले उतारे, वाटणीपत्रं, शाळेचे दाखले, काही घरांत तर मोडीतले कागद, पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. अलीकडे बरेच जण ते स्कॅन करून घेतात, हे फार चांगलं काम आहे. पण स्कॅन एकाच लॅपटॉपवर असतील तर कागद विरत चालल्यावर त्या लॅपटॉपवरच सगळी मदार राहते. असे कागद एकदाच बॅकअपमध्ये टाकायचे असतात, आणि म्हणूनच ते विसरले जातात. त्यांच्यासाठी आठवड्याच्या आठवणीची गरज नाही. वर्षातून एकदा, समजा दसऱ्याला, ‘कागदांची ड्राइव्ह उघडून बघ’ अशी फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद पुरते. तिथी दरवर्षी पुढेमागे होते, म्हणून त्या वेळी पुढच्या वर्षाची तारीखही लगेच टाकून ठेवा.

काढून ठेवायची आठवण

ड्राइव्ह जोडण्याची आठवण बरेच जण लावतात, काढण्याची क्वचितच कुणी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, त्याने फाइलींना कुलूप घातलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. असे व्हायरस फक्त सी ड्राइव्हवर थांबत नाहीत. जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातात, म्हणजे मागे कायम लटकवलेल्या बॅकअप ड्राइव्हवरही. कडाडणारी वीजही तेच करते. दर तासाच्या प्रतीच्या मोहाने ड्राइव्ह कायम जोडून ठेवणाऱ्यांनी निदान दुसरी एक ड्राइव्ह वेगळी ठेवावी.

ती कुठे ठेवायची, यावरही विचार करा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केला. इथे ‘दुसरी जागा’ म्हणजे किती लांब? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्याच नद्या चढल्या. निपाणी, चिकोडी, गोकाककडची कितीतरी घरं पाण्यात गेली, आणि त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीही पाण्याखाली होतं. म्हणजे नदीकाठच्या घरातली ड्राइव्ह कोल्हापूरच्या मामांकडे तळमजल्यावर नेऊन ठेवली असती, तरी उपयोग झाला नसता. अंतराइतकीच उंची बघा. टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी बहीण तुमच्या कामाची. दोन ड्राइव्ह असतील तर दर महिन्याला अदलाबदल करायची: १ नंबरची तिच्याकडे, २ नंबरची दुकानात. ही आठवण फोनवर लावा आणि नोटिफिकेशनऐवजी अलार्म लावा, कारण अलार्म बंद करेपर्यंत वाजत राहतो. दर महिन्याला जमत नसेल तर मे अखेरीस तरी एकदा लावाच, पाऊस सुरू व्हायच्या आत.

तिसरी आठवण उघडून बघण्याची. महिन्यातून एकदा ड्राइव्ह दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडा आणि जुन्यातली कुठलीही एक फाइल उघडा. टॅलीचा बॅकअप असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रिस्टोअर’ करून एक ताळेबंद जुळतो का पाहा. ड्राइव्हवर फोल्डर दिसतं म्हणजे फाइल उघडेलच असं नाही, आणि ते कळायला याहून सोपा उपाय नाही.

दुकानात हे सगळं एखाद्या पोराच्या हाती असेल, तर आठवण त्याच्या फोनबरोबर मालकाच्या फोनवरही लावा. तो पुण्याला नोकरीला गेला की त्याच्याबरोबर आठवणही जाते. मशीन बदलतानाही हेच होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणं बंद केलं, त्यामुळे सध्या पुष्कळ दुकानांत नवी मशीनं येतायत. शेड्युलरमधला टास्क आणि फाइल हिस्टरीची सेटिंग्ज नव्या मशीनवर आपोआप येत नाहीत. जुनं मशीन एक्स्चेंजला देण्याआधी शेड्युलरमध्ये टास्कवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, ती फाइल बॅकअप ड्राइव्हवरच टाका आणि नव्या मशीनवर ‘इम्पोर्ट टास्क’ने आणा. मजकुराच्या फाइलीचा पत्ता आणि युजरचं नाव बदललेलं असेल, ते तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि टास्कवर राइट क्लिक करून ‘रन’ दाबून खिडकी उघडते का ते लगेच बघा.